आवडली, पण घेणार का?

जून २०१४मध्ये हार्ले-डेव्हिडसनने एक नवी मोटरसायकल लोकांपुढे आणली आणि त्याच दमात सांगून टाकलं की ही विकायची नाही. विजेवर चालणारी, क्लच नसलेली, गिअर बदलावे न लागणारी हार्ले. प्रकल्पाचं नाव ‘प्रोजेक्ट लाइव्हवायर’. न्यूयॉर्कमध्ये तिचं पहिलं दर्शन झालं. मग या गाड्यांचा ताफा ‘रूट ६६’ या अमेरिकेतल्या जुन्या, नामांकित रस्त्याने निघाला आणि वर्षअखेरीपर्यंत तिसाहून जास्त डीलरांच्या दारात जाऊन आला. पुढच्या वर्षी कॅनडा आणि युरोपची पाळी. प्रत्येक मुक्कामी काम एकच: गाडी चालवायला द्यायची आणि माणूस उतरला की विचारायचं, कशी वाटली, काय हवं, काय खटकलं. ज्यांच्याकडे मोटरसायकलचं लायसन्स नव्हतं, त्यांचीही सोय होती. ‘जम्पस्टार्ट’ नावाची, जागेवर जखडलेली एक गाडी असे. तिच्यावर बसून मूठ पिळायची आणि विजेच्या मोटरची ताकद काय असते ते जागच्या जागी अनुभवायचं.

कंपनी १९०३ची. तिच्या इंजिनाच्या ठोक्यावर जीव टाकणारी गिऱ्हाइकं जगभर आहेत. अशा कंपनीने कारखान्यात लाइन टाकण्याआधी लोकांना विचारायला रस्त्यावर उतरावं, हे मला फार मोलाचं वाटतं. नवी मोटरसायकल उभी करायची म्हणजे फ्रेम, मोटर, बॅटरी, कंट्रोलर, साचे, चाचण्या, प्रमाणपत्रं. यात वर्षं जातात आणि पैसा पाण्यासारखा लागतो. पेट्रोलच्या गाडीला निदान मागचा हिशोब हाताशी असतो. दीडशे सीसीची गाडी कोण घेतं, कुठे घेतं, किती वर्षांनी बदलतं, हे डीलरच्या वह्याच सांगतात. विजेच्या मोटरसायकलला अशा वह्या नाहीत. म्हणून विचारावं लागतं. पण काय विचारायचं, कुणाला विचारायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, इथे खरी मेख आहे.

त्या पहिल्या नमुन्याची ताकद ७४ अश्वशक्ती होती. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरचा वेग ती चार सेकंदांच्या आत गाठायची. पेट्रोलच्या इंजिनाला जोर धरायला आधी फेरे वाढवावे लागतात. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच जवळजवळ पूर्ण पिळाचा जोर देते. मूठ पिळली की गाडी झेपावते. हा अनुभव पहिल्यांदा घेणारा माणूस खाली उतरताना हसत उतरतो, मग तो अमेरिकेतल्या मिलवॉकीचा असो की मिरजेचा. उणी बाजूही उघड होती: एका चार्जमध्ये गाडी जेमतेम ८५ किलोमीटर जायची.

हार्लेने लोकांचं ऐकलं नाही, असं म्हणता येणार नाही. २०१९मध्ये लाइव्हवायर बाजारात आली, तेव्हा ताकद १०५ अश्वशक्तीवर आणि शहरातला पल्ला २३५ किलोमीटरवर गेलेला होता. शहर आणि हायवे मिळून तो १५३ किलोमीटर भरे. किंमत होती २९,७९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळपास २१ लाख रुपये. गिऱ्हाइकं फारशी आली नाहीत. २०२१मध्ये कंपनीने लाइव्हवायर हा वेगळा ब्रँड काढला आणि तीच गाडी २१,९९९ डॉलरला आणली. २०२६पर्यंत वर्षाला एक लाखाच्या आसपास गाड्या विकू, असा अंदाज गुंतवणूकदारांपुढे ठेवला गेला. मे २०२२मध्ये ‘डेल मार’ या पुढच्या गाडीच्या पहिल्या शंभर गाड्यांचं बुकिंग उघडलं आणि १८ मिनिटांत ते संपलं. आणि २०२३ या अख्ख्या वर्षात लाइव्हवायरच्या किती मोटरसायकली गेल्या? ६६०.

अठरा मिनिटांत शंभर, आणि वर्षभरात सहाशे साठ. पहिल्या आकड्यावर विसंबून कारखान्याची क्षमता ठरवणाऱ्याचं काय होईल, हे सांगायला नको.

टेस्ट राइडमध्ये काय मोजलं जातं, ते आधी नीट पाहू. डीलरच्या दारात उभी असलेली गाडी पूर्ण चार्ज असते. फेरी ठरलेली, पाच-सात किलोमीटरांची. खिशातून काही जात नाही. घरच्यांना विचारायचं नसतं. अशा वेळी मनगटाला आणि पाठीला जे जाणवतं, तेवढंच उत्तरात उतरतं. दुकानात साडी खांद्यावर टाकून आरशात पाहणारी बाई ‘छान आहे’ म्हणते ते खरंच असतं, पण बिल करायला सांगणं ही वेगळी गोष्ट. टेस्ट राइड निरुपयोगी आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. गाडीचा तोल, सीटची उंची, ब्रेकचा चावा, मूठ सोडल्यावर गाडी किती ओढून धरते, हे कळायला दुसरा मार्गच नाही. फक्त तिच्या जोरावर विक्रीचे आकडे बांधू नयेत.

दुसरी गोष्ट म्हणजे विचारलं कुणाला. हार्लेची अमेरिकेतली विक्री २०१४नंतर काही वर्षं सतत घसरत गेली. जुनी गिऱ्हाइकं वयाने वाढत होती आणि कंपनीला शहरातले तरुण, मोटरसायकलला कधी हातही न लावलेले लोक हवे होते. पण ताफा थांबायचा मुख्यतः हार्लेच्याच डीलरांच्या दारात. तिथे येणारा माणूस बहुधा आधीच हार्लेवाला. घरी एक-दोन गाड्या असलेला, शनिवार-रविवारी लांबच्या फेरीला जाणारा. त्याला ही गाडी आवडली तरी त्याच्या लांब फेरीला ती पुरणार नव्हती. आणि जिला ती पुरली असती, ती रोज पंधरा किलोमीटर ऑफिसला जाणारी मुलगी त्या शोरूमची पायरी कशाला चढेल? तिच्याकडे ३० हजार डॉलरही नव्हते. न आलेल्या माणसाचं मत कुठल्याच फॉर्ममध्ये भरलं जात नाही, आणि नव्या प्रकारच्या वाहनाचा बाजार मात्र बराचसा अशाच माणसांचा असतो.

‘घ्याल का?’ या प्रश्नाचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वीपासून केलेला आहे. फ्रान्सिस थॉमस जस्टर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६६मध्ये दाखवून दिलं की ‘हो’ की ‘नाही’ अशी दोनच घरं दिली तर बरीच माहिती हातची जाते. ‘नाही’ म्हणणाऱ्यांतले पुष्कळ जण पुढे खरेदी करतात, आणि ते संख्येनेच इतके जास्त असतात की एकूण खरेदीत त्यांचा वाटा मोठा निघतो. म्हणून त्याने शून्य ते दहा अशी मोजपट्टी सुचवली: येत्या अमुक महिन्यांत तुम्ही ही वस्तू घ्याल याची शक्यता दहात किती? माणूस ‘हो’ सहज म्हणतो. ‘दहात दहा’ म्हणताना थबकतो. त्या थबकण्यातच माहिती आहे. दहात तीन म्हणणारे हजार जण आणि दहात नऊ म्हणणारे शंभर जण यांची बेरीज करून पाहिली की कारखानदाराला बाजार वेगळाच दिसू लागतो.

नुसतं विचारण्यानेही माणूस बदलतो, हे पुढे १९९३मध्ये विकी मॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो कुटुंबांच्या नोंदींवरून दाखवलं. गाडी घेण्याचा विचार आहे का, एवढं ज्यांना विचारलं होतं, त्यांच्यात पुढे प्रत्यक्ष गाडी घेणाऱ्यांचं प्रमाण न विचारलेल्यांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे सर्वेक्षणात सामील झालेल्यांची खरेदी पाहून बाकीच्या गावाचा अंदाज बांधायचा तर तिथेही हात राखूनच बांधावा लागतो.

मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो तो सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव. तिथे १९७२मध्ये ‘बार्ट’ ही नवी लोकल रेल्वे सुरू झाली. कामाला जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिने जातील, असा अधिकृत अंदाज होता. त्याच सुमारास डॅनियल मॅकफॅडन हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांचे विद्यार्थी वेगळ्या वाटेने गेले. रेल्वे धावण्याआधीच त्यांनी पावणेआठशेच्या आसपास नोकरदारांची माहिती गोळा केली. आज कामावर कसं जाता? किती वेळ लागतो? स्टॉपपर्यंत किती चालता, बसची वाट किती पाहता, पैसे किती जातात? या उत्तरांवरून त्यांनी लोक वेळ, पैसा आणि पायपीट यांची आपसांत देवाणघेवाण कशी करतात याचं गणित मांडलं, आणि त्या गणितात नव्या रेल्वेचा वेळ आणि भाडं घातलं. उत्तर आलं ६.३ टक्के. प्रत्यक्षात आकडा निघाला ६.२. मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते माणसाच्या निवडीचा अभ्यास करण्याच्या याच पद्धतीसाठी.

यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांच्या गणिताचा पाया होता तो लोकांच्या चालू दिवसाचा. उद्याबद्दल माणूस उदार असतो. कालबद्दल विचारलं तर त्याला आठवून सांगावं लागतं.

आता हे आपल्याकडे आणून पाहू. भारतात दुचाकींमध्ये मोटरसायकलींचा वाटा स्कूटरींपेक्षा बराच मोठा आहे, पण विजेच्या दुचाकींत जवळजवळ सगळ्या स्कूटरी. स्प्लेंडर किंवा शाइन चालवणारा माणूस अजून विजेकडे वळलेला नाही. का, हे त्यालाच विचारायला हवं. समजा चाकणच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा तिशीतला एक जण आहे, भोसरीत राहतो, आणि आपण त्याच्याशी बोलतोय. ‘दादा, इलेक्ट्रिक बाइक आवडेल का?’ म्हटलं तर तो म्हणेल, ‘आवडेल की, पेट्रोल वाचेल.’ संभाषण संपलं, हाती काही आलं नाही. त्याऐवजी विचारा: रात्री गाडी कुठे लावता? ‘बिल्डिंगखाली जागा नाही, रोडलाच लावतो.’ खोली कितव्या मजल्यावर? ‘तिसऱ्या.’ लिफ्ट? ‘नाही.’ बॅटरी काढून वर न्यायची तर रोज किती किलो वजन तीन जिने चढवणार, हा प्रश्न आता आपोआप समोर येतो. मागच्या महिन्यात गावी गेलात का? ‘दोनदा. जुन्नरच्या पुढे आहे गाव.’ बसने? ‘छे, गाडीवरच. बायको आणि पोरगा घेऊन.’ घाटात डबलसीट जाताना पल्ला किती उरेल? पेट्रोल कसं भरता? ‘शंभर-दोनशेचं टाकतो, पगार झाला की फुल टाकी.’ हे उत्तर मला विशेष महत्त्वाचं वाटतं. जो माणूस इंधन शंभर-शंभर रुपयांनी विकत घेतो, त्याला बॅटरीच्या रूपाने पुढच्या अनेक वर्षांचं इंधन आजच एकरकमी घ्यायला लावणं ही त्याच्या घरखर्चाची सगळी घडी बदलणारी गोष्ट आहे. आधीची गाडी विकली तेव्हा किती आले? ‘सात वर्षं वापरून पंचवीस हजार आले.’ विजेच्या गाडीला सात वर्षांनी कोण, किती देईल, ही त्याची पुढची शंका, आणि ती अगदी रास्त आहे.

पाच-सहा साध्या प्रश्नांत गाडी कशी असायला हवी याचा निम्मा आराखडा इथे तयार होतो. वेगाचा आकडा अजून कुणी उच्चारलेलाही नाही.

किमतीचं विचारणं त्याहून अवघड, कारण किंमत विचारली की माणूस घासाघीस सुरू करतो. पीटर व्हान वेस्टेनडॉर्प या डच अर्थशास्त्रज्ञाने १९७६मध्ये यावर चार प्रश्नांची तोड काढली. कोणत्या किमतीला ही वस्तू इतकी स्वस्त वाटेल की दर्जाचीच शंका येईल? कोणत्या किमतीला चांगला सौदा वाटेल? कोणत्या किमतीला महाग वाटेल, तरी विचार कराल? आणि कोणत्या किमतीला विचारही करणार नाही? सगळ्यांची उत्तरं आलेखावर मांडली की किमतीचा एक पट्टा दिसू लागतो. आपल्याकडे मात्र हा पट्टा हप्त्यात विचारलेला बरा. रिव्होल्ट कंपनीने ऑगस्ट २०१९मध्ये ‘आरव्ही ४००’ आणली, तेव्हा तिची किंमत एकरकमी न सांगता महिन्याचे पैसे आणि ३७ महिन्यांची मुदत असं गणित मांडलं, डाउन पेमेंटशिवाय. गिऱ्हाइकाची भाषा त्यांनी ओळखली होती.

किमतीबद्दल सरकारी निर्णयानेही एकदा मोठं सर्वेक्षण करून टाकलं. ‘फेम’ योजनेतलं दुचाकींचं अनुदान १ जून २०२३पासून बरंच कमी झालं: गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मिळणारी मदत १५ टक्क्यांवर आली. मे महिन्यात देशभर एक लाखाहून जास्त विजेच्या दुचाकींची नोंदणी झाली होती. जूनमध्ये ती निम्म्याच्याही खाली गेली. अनुदान जाणार म्हणून काहींनी मेमध्येच घाई केली, हे धरूनही किमतीचा काटा किती नाजूक आहे ते दिसलं.

मग टोकन. पैसे ठेवले की माणूस गंभीर आहे असं समजायची पद्धत आहे, आणि ती बरोबरही आहे. फक्त पैसे किती आणि परत मिळतात का, ते पाहायला हवं. ओलाने जुलै २०२१मध्ये स्कूटरसाठी ४९९ रुपयांत, परत मिळण्याच्या बोलीवर, नोंदणी घेतली आणि २४ तासांत एक लाख नोंदण्या झाल्याचं जाहीर केलं. ४९९ रुपये म्हणजे उत्सुकतेची किंमत. घरात चर्चा करायला लावण्याइतकी ती रक्कम मोठी नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बजाजने पुणे आणि बंगळुरूत विजेच्या चेतकचं बुकिंग पुन्हा उघडलं आणि ४८ तासांत बंद केलं. बुकिंग किती वेळात संपलं यावरून मागणी कळते, तसंच देण्यासाठी गाड्या किती होत्या हेही कळतं, आणि बातमीत दुसरी गोष्ट बहुधा येत नाही. डेल मारच्या अठरा मिनिटांचा अर्थ असा की संपूर्ण अमेरिकेत शंभर हौशी लोक होते. ते तर असणारच.

या मोजणीत काळाचा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. पुण्याच्या टॉर्क मोटर्सचं उदाहरण मी आदरानेच देतो. कपिल शेळके यांच्या चमूने बनवलेली विजेची रेसिंग बाइक २००९मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरली होती. तेव्हा आपल्याकडे विजेची दुचाकी म्हणजे ताशी २५ किलोमीटरने जाणारी, लायसन्स न लागणारी स्कूटर असंच चित्र होतं. २०१६मध्ये त्यांनी ‘टी६एक्स’ दाखवली. प्रत्यक्ष विक्रीसाठीची गाडी ‘क्रेटॉस’ या नावाने २६ जानेवारी २०२२ला आली. मधल्या वर्षांत बॅटरी, पुरवठादार, सरकारी निकष, सगळंच बदललं, आणि नव्या कंपनीला हे सगळं एकटीने पेलावं लागतं. पण गिऱ्हाइकाचंही आयुष्य बदलतं. २०१६मध्ये पंचविशीत ‘मी घेणार’ म्हणणारा मुलगा २०२२मध्ये लग्न झालेला, कदाचित चारचाकीचा हप्ता भरणारा असतो. तेव्हा आजच्या उत्साहाचा आकडा गाडी प्रत्यक्ष हातात पडण्याच्या तारखेला लावताना नव्याने विचारावं लागतं. क्रेटॉसची एक गोष्ट मला मनापासून आवडली: कंपनीने चाचणीतला पल्ला १८० किलोमीटर सांगितला आणि शेजारीच रस्त्यावरचा १२० सांगितला. ज्याला खरा आकडा दिलाय त्याचं उत्तरही खरं येतं.

काही गोष्टी मात्र विचारून कळत नाहीत. आवाजाचंच घ्या. मोटरसायकलवाल्याला विचारलं तर तो ठामपणे सांगेल की आवाजाशिवाय मजा नाही. रिव्होल्टने हे शब्दशः घेतलं आणि स्पीकरमधून निघणारे, मोबाइलवरून निवडायचे इंजिनाचे चार आवाज दिले. हार्लेच्या इंजिनिअरांनी मोटर अशा बेताने बसवली की तिची गती मागे नेणारे गिअरच शिट्टीसारखा, विमानाच्या जवळ जाणारा आवाज काढतात. तो गाडीचा स्वतःचा आहे आणि वेगाबरोबर चढतो. मला दुसरी वाट जास्त प्रामाणिक वाटते. पण यातली कोणती चालकाच्या कानाला सहा महिन्यांनीही गोड वाटेल, हे त्याला फॉर्मवर विचारून सांगता येणार नाही. त्यासाठी गाडी त्याच्या घरी आठ-पंधरा दिवस राहू द्यावी लागते: त्याच्या प्लगवर, त्याच्या पार्किंगमध्ये, सकाळी साडेसहाच्या पाळीला.

नवी विजेची मोटरसायकल आणू पाहणाऱ्या कुणी मला विचारलंच की पहिल्यांदा कुणाशी बोलू, तर मी सांगेन, ज्यांनी टोकन परत घेतलं त्यांच्याशी. त्यांना गाडी आवडली होती, पैसे ठेवण्याइतकी. मग काहीतरी आडवं आलं. सोसायटीच्या कमिटीने पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला परवानगी दिली नाही, बँकेने व्याज जास्त लावलं, वडील म्हणाले ‘गावात याचा मेकॅनिक कुठाय’, किंवा डिलिव्हरीची तारीख तीनदा पुढे गेली. यांची यादी प्रत्येक कंपनीकडे फोन नंबरसह असते. ती हिशोब खात्यात, रिफंडच्या फायलीत पडून राहते. डिझाइन करणाऱ्यांच्या टेबलावर ती पहिल्याच आठवड्यात यायला हवी.